तेलाचा तवंग

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कारखान्यांतील नासलेल्या पाण्याविषयीं लिहूं लागणें हा कित्येकांस औचित्यभंग वाटेल. पहाट, पाऊस, चहा, छत्री, हरवलेला चष्मा हे निबंधाचे मान्य विषय ठरून पुष्कळ वर्षें झालीं. परंतु ज्या यंत्रांच्या बळावर ती छत्री आणि तो चष्मा आपल्या हातीं येतो, त्या यंत्रांच्या पोटाखालच्या टाकींत काय आहे याची चौकशी सुशिक्षित समाजांत सहसा कोणी करीत नाहीं. आमच्या मतें ही चौकशी करण्यासारखी आहे. त्या टाकींत जें घडतें तें मनुष्यस्वभावाच्या एका जुन्या खोडीवर बराच प्रकाश पाडतें. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्याचा परिणाम जिवंत माणसांच्या फुप्फुसांवर होतो.

धातूनें धातु कापतांना विलक्षण उष्णता उत्पन्न होते. ती वेळींच काढून घेतली नाहीं तर हत्याराची धार जाते, आणि कापला जाणारा जिन्नस तापून फुगल्यामुळें मापांत राहत नाहीं. या उष्णतेवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी. त्याची शास्त्रशुद्ध परीक्षा करणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील फ्रेडरिक टेलर. कारखान्यांतील श्रमाला घड्याळ लावण्याच्या पद्धतीमुळें यांचें नांव कोणी आदरानें घेतात, कोणी रागानें. फिलाडेल्फिया शहरांतील मिडव्हेल पोलाद कारखान्यांत काम करीत असतां १८८३ सालीं त्यांस असें आढळून आलें कीं, हत्यार व धातु यांच्या संगमावर पाण्याची भरघोस धार सोडली तर कापण्याचा वेग शेंकडा ३० ते ४० नें वाढवितां येतो. पुढच्याच वर्षीं तेथें जी नवी यंत्रशाळा उभारली गेली, तींत प्रत्येक यंत्राखालीं लोखंडी परात बसविली होती. परातींतील पाणी जमिनीखालच्या एका मध्यवर्ती विहिरींत उतरे, तेथून पंपानें वरच्या टाकींत चढे, आणि पुनः यंत्रांवर येई. लोखंड गंजूं नये म्हणून त्या पाण्यांत धुण्याचा सोडा विरघळविलेला असे. ही हकीकत टेलर यांनीं १९०६ सालीं अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढें, तिचे अध्यक्ष या नात्यानें, धातु कापण्याच्या कलेवर जो प्रदीर्घ निबंध वाचला त्यांत सांगितली आहे. एकदां वापरलेलें पाणी टाकून न देतां तेंच फिरवून फिरवून वापरावयाचें, ही काटकसरीची कल्पना या मांडणींत पूर्णपणें आलेली दिसते. आणि जें पाणी फिरवून वापरावयाचें तें केव्हां तरी नासावयाचेंच.

पाणी उष्णता शोषून घेण्यांत निपुण खरें, पण वंगण म्हणून तें कुचकामाचें. तेलाचें नेमकें उलट. तेव्हां दोहोंचे गुण एकत्र आणावे म्हणून साबणासारख्या पदार्थांच्या मध्यस्थीनें तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यांत तरंगत ठेवण्याची युक्ति प्रचारांत आली. शंभर भाग मिश्रणांत साधारणतः पांचसात भाग असें तेल असतें, बाकीचें सारें पाणी. हें मिश्रण दुधासारखें पांढरें दिसतें. तें करतांना पाण्यांत तेल ओतावयाचें, तेलांत पाणी कधींही ओतावयाचें नाहीं. क्रम उलटला तर मिश्रण जमत नाहीं, फुटतें. आपल्याकडील कामगार या द्रवास ‘कूलंट’ म्हणतात, आणि तोच शब्द आम्हीही येथें योजितों. कारण ज्यांना त्यांत रोज हात घालावे लागतात, त्यांनीं दिलेल्या नांवास कोशांतील नांवापेक्षां अधिक मान असावा.

नुसतें खनिज तेल वर्षानुवर्षें डब्यांत ठेवलें तरी सहसा कुजत नाहीं. त्यांत पाणी आलें कीं जीवसृष्टि आली. आणि कूलंटमध्यें जंतूंना हवी ती सारी सोय आयतीच असते: पाणी आहे, ऊब आहे, तेल आणि चरबीची आम्लें हें अन्न आहे, पंपाच्या खळखळाटानें मिळणारा प्राणवायु आहे, आणि राहावयास धातूच्या किसाचा मऊ गाळ आहे. १९४१ सालीं ली व चँडलर या दोन अमेरिकन संशोधकांनीं अशाच द्रवांतील जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत वर्णिलेल्या एका जंतूस त्यांनीं ‘तेल खाणारा’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. स्यूडोमोनास ओलिओव्होरान्स हें तें नांव. मात्र या मंडळींची आवड केवळ तेलापुरती मर्यादित नाहीं. तेल आणि पाणी यांची सोयरीक टिकविणारे पदार्थ आणि लोखंड गंजूं न देणारे पदार्थ हेंही तीं खातात आणि बदल्यांत आम्लें सोडतात. परिणामीं, मूळचा अल्कधर्मी द्रव हळूहळू आम्लाकडे झुकूं लागतो, दूध फुटावें तसा तो फुटतो, तेल वर येतें, आणि घडविलेल्या वस्तूंवर तांबेरा चढूं लागतो. हें सर्व किती झपाट्यानें होतें याचा हिशेब सोपा आहे. अनुकूल स्थितींत एक जंतु दर अर्ध्या तासास दुप्पट होतो असें धरलें, तर दहा तासांत एकाचे दहा लाखांहून अधिक होतात. सायंकाळीं दिवे मालवून घरीं गेलेला कामगार सकाळीं परत येईतों टाकींत एक महानगर वसलेलें असतें.

आतां तवंगाकडे वळूं. आमच्याकडे कैरीचें लोणचें बरणींत भरलें कीं वरून बोटभर तेल ओततात. हें तेल फोडींवर पहाऱ्यास असतें. बुरशीला जगण्यास हवा लागते, आणि तेलाचा थर हवेस आंत शिरूं देत नाहीं; आंतील मीठ व आंबटपणा उरलेलें काम करतात. म्हणून लोणचें वर्षभर टिकतें. कूलंटच्या टाकीवरही तेलाचा थर जमतो. यंत्राच्या सांध्यांतून गळणारें वंगण त्या दुधांत मिसळत नाहीं, तें वर तरंगतें. घरच्या अनुभवावरून एखाद्यास वाटेल, तवंग आहे तो बरा आहे, खालचें पाणी सुरक्षित राहील. घडतें नेमकें उलटें! लुई पाश्चर यांनीं १८६१ सालीं दाखवून दिलें कीं, हवेवांचून जगणारेही जंतु आहेत. किंबहुना हवा हेंच त्यांतील कित्येकांचें मरण होय. १८९५ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट येथें बायरिंक यांनीं अशाच एका जातीचा शोध लावला. हे जंतु पाण्यांतील सल्फेट क्षारांतून प्राणवायु काढून घेतात आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायु बाहेर टाकतात. यंत्र चालू असतें तोंवर पंपामुळें पाणी घुसळलें जातें आणि त्यांत हवा मिसळत राहते, त्यामुळें हे दडून बसतात. सुटीच्या दिवशीं पंप थांबतो, तवंग झांकणासारखा बसतो, वरचे हवाप्रिय जंतु उरलासुरला प्राणवायु संपवितात, आणि तळच्या गाळांत यांचें राज्य सुरू होतें. सुटी संपून पंप चालू झाला, कीं सांठलेला वायु एकदम मोकळा होतो. इंग्रजी मुलखांत या दुर्गंधीस सोमवार सकाळचा वास असेंच म्हणतात. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी या बाजूस बहुतेक कारखान्यांची सुटी गुरुवारीं असते. त्यामुळें तोच वास तेथें शुक्रवारीं येतो. जंतूंना वार कळत नाहीं, त्यांना फक्त स्तब्धता कळते.

जो थर बरणींत राखण करतो, तोच टाकींत चोरांना आडोसा देतो. यावरून आम्ही एवढेंच घेतों कीं, अमुक वस्तु स्वभावतः रक्षक आणि अमुक स्वभावतः भक्षक असें म्हणतां येत नाहीं. ती कोठें आहे आणि तिच्याखालीं काय दडलें आहे हें पाहावें लागतें. रूढि, शिष्टाचार आणि संस्थांची प्रतिष्ठा यांच्या तवंगासंबंधानेंही हेंच म्हणतां येईल. पण तो विषय निराळा, आणि आम्हांस टाकीपाशींच राहावयाचें आहे.

आमचे एक जुने विद्यार्थी भोसरीस लहानसा कारखाना चालवितात. एके शुक्रवारीं कांहीं कामानिमित्त आम्ही तेथें गेलों असतां दारांतच नाकाला पदर लावावा असा वास आला. आम्हीं विचारतां ते सहज म्हणाले, “सर, सुटीनंतर एवढें असतंच. अर्ध्या तासानं कळतसुद्धा नाही.” त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. नाकाला कोणताही वास फार वेळ टिकवून धरतां येत नाहीं, आणि या विशिष्ट वायूचें प्रमाण फार वाढलें तर तर वास घेण्याची शक्तीच लोपते. मनुष्यस्वभावाची जी जुनी खोड आम्हीं आरंभीं म्हटली ती हीच. दुर्गंधि आली कीं तिचें कारण शोधण्याऐवजीं आपण ती अंगवळणीं पडण्याची वाट पाहतों, आणि ती जाणवेनाशी झाली म्हणजे गेली असें समजतों.

पुढें मात्र त्यांस संवयीचा आधार पुरला नाहीं. तयार मालावर गंज दिसूं लागला व गिऱ्हाईक कुरकुरूं लागलें. तेव्हां त्यांनीं एक जंतुनाशक औषध आणून टाकींत ओतलें. वास दोन दिवसांत गेला आणि कांहीं आठवड्यांनीं परत आला. मात्रा वाढविली, वास पुनः गेला, पुनः आला, आणि मध्यंतरीं एका कामगाराच्या बोटांना खाज सुटून त्वचेला चिरा पडल्या. मग सगळें कूलंट काढून टाकून नवें भरण्यांत आलें. त्यासही तीन आठवड्यांत तोच वास येऊं लागला. औषध विकणाऱ्यानें औषध बदलावें असें सुचविलें, तेल विकणाऱ्यानें तेल. शेवटीं लेथवर तीस वर्षें काढलेल्या एका वृद्ध कारागिरानें, कोणी विचारलें नसतां, म्हटलें, “दह्याचं भांडं न घासता त्यात दूध ओतलं, तर दुधाचं दहीच होणार. दूध बदलून काय होतंय?”

सबंध जंतुशास्त्र त्या वाक्यांत आलें असें आम्हांस तेव्हां वाटलें, आणि आजही वाटतें. टाकीच्या तळाचा गाळ, नळ्यांच्या आंतला बुळबुळीत लेप, यंत्राच्या कोनाकोपऱ्यांत सांचलेला कीस, हें सारें विरजण होतें. जंतु पाण्यांत पोहत असतात त्याहून कितीतरी अधिक संख्येनें ते असा लेप करून पृष्ठभागांना चिकटून राहतात, आणि त्या लेपाच्या आंत औषध धड पोहोंचत नाहीं. वरचें पाणी बदललें तरी लेप नव्या पाण्यास शिकवून तयार करतो.

मग टाकी घासली गेली. सारा गाळ उपसला, साफ करणारा द्रव नळ्यांतून फिरविला, स्वच्छ पाण्यानें दोनदां धुतलें, आणि मग नवें कूलंट भरलें. त्यापुढचे नियम त्या कारागिरानेंच घालून दिले. दररोज सायंकाळीं तवंग काढावयाचा. गुरुवारींही कांहीं वेळ पंप चालवून पाण्यास हवा द्यावयाची. पाणी उडून कमी झालें तर नुसतें पाणी न घालतां योग्य प्रमाणाचें मिश्रणच घालावयाचें, आणि तें प्रमाण दुर्बिणीसारख्या दिसणाऱ्या लहानशा अपवर्तनमापकांतून पाहावयाचें. विंधन विहिरीचें क्षारयुक्त पाणी वापरावयाचें नाहीं. कारण पाण्याची वाफ होते पण क्षार मागें राहतात, ते दिवसेंदिवस सांचत जातात, मिश्रण फोडतात आणि सल्फेट असतील तर वर सांगितलेल्या जंतूंची बेगमीही करतात. आणि अखेरचा नियम असा कीं, टाकींत उरलेला चहा ओतावयाचा नाहीं व तंबाखूची पिंक टाकावयाची नाहीं. हा शेवटला नियम पाळविणें सर्वांत जड गेलें असें आमचे विद्यार्थी सांगतात. वास पुढें अनेक महिने आला नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, औषध काय वाईट? औषधाचा आम्ही निषेध करीत नाहीं. योग्य मात्रेंत त्याची गरज पुष्कळ ठिकाणीं लागतेच. पण त्याच्या भरंवशावर झाडू टाकून देणें हें महाग पडतें, आणि तें कोणास महाग पडतें हें पाहिलें पाहिजे. या कामीं पुष्कळ वर्षें वापरांत असलेलीं कांहीं औषधें पाण्यांत हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडून जंतूंना मारतात. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनीं २००४ सालीं फॉर्माल्डिहाइड हा मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ ठरविला. दुसऱ्या कांहीं औषधांनीं त्वचेस कायमची वावडी जडते. शिवाय पुष्कळ जंतु मेले तरी त्यांच्या कवचांतील विषारी अंश पाण्यांत उरतो, आणि तो श्वासावाटें गेल्यास छातीस बाधतो. म्हणजे मेलेला शत्रूही निरुपद्रवी नसतो.

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. सामान्य जंतु औषधानें मेले कीं टाकींतील जागा मोकळी होते, आणि ती जागा घेण्यास मेणचट कवचाचे, औषधास सहजासहजीं दाद न देणारे मायकोबॅक्टेरियम जातीचे जंतु पुढें येऊं शकतात. हे क्षयाच्या जंतूचे सगोत्र. कूलंटमध्यें सांपडणाऱ्या अशा एका जंतूस २००१ सालीं स्वतंत्र नांव देण्यांत आलें. त्यानें क्षय होत नाहीं. पण फिरत्या हत्यारावरून उडणाऱ्या तुषारांबरोबर तो फुप्फुसांत गेला, कीं कांहीं जणांच्या शरीरांत त्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उठते असें मानलें जातें. खोकला, ताप आणि धाप अशीं लक्षणें दिसतात. सुटींत बरें वाटतें आणि कामावर परतलें कीं पुनः त्रास होतो. दुर्लक्ष झालें तर फुप्फुसें कायमचीं निबर होतात. वासानें याची सूचना मिळत नाहीं, आणि नेहमींच्या साध्या परीक्षेंतही तो बहुधा सुटून जातो.

हें भय काल्पनिक नव्हे. इंग्लंडांत मोटारींचीं इंजिनें बनविणाऱ्या एका कारखान्यांत डिसेंबर २००३ ते मे २००४ या अवधींत बारा कामगारांना अशा प्रकारचा फुप्फुसदाह झाल्याचें आढळलें. तेव्हां सर्व कामगारांची पाहणी झाली. ८३६ पैकीं ८०८ जणांनीं प्रश्नावली भरून दिली, आणि अखेर ८७ जणांना, म्हणजे दहांतल्या एकाहून किंचित् अधिक लोकांना, कामापासून उद्भवलेला छातीचा विकार असल्याचें निष्पन्न झालें. त्यांत दम्याचे रोगी बहुसंख्य होते. ज्या देशांत नियम आहेत, निरीक्षक आहेत, आणि नियम न पाळल्यास दंड आहे, त्या देशांतील ही गोष्ट. तेथें निदान मोजदाद तरी झाली. आमच्याकडे एखाद्या लहान यंत्रशाळेंतील कामगार खोकूं लागला, तर विडीवर, धुळीवर किंवा नशिबावर ठपका ठेवून तो गांवीं परत जातो, आणि त्याच्या जागीं दुसरा येतो. टाकीकडे कोणाचें बोट जात नाहीं.

म्हणून मोजणें अवश्य आहे. नाकावर विसंबून चालत नाहीं. त्याचीं साधनें फारशीं महाग नाहींत. पोषक थर लावलेली एक पट्टी द्रवांत बुडवून दोन दिवस उबेंत ठेवली म्हणजे तिच्यावर उठणाऱ्या ठिपक्यांच्या दाटीवरून जंतूंची संख्या अजमावतां येते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षितता खात्याच्या मार्गदर्शनाप्रमाणें एका मिलिलिटरमागें एक हजाराहून कमी जंतु असतील तर व्यवस्था उत्तम, एक हजार ते दहा लाख असतील तर सुधारणेस जागा आहे, आणि दहा लाखांवर गेले तर ताबडतोब हालचाल करावी. नव्या कूलंटचा पीएच साधारणतः ९ च्या आसपास असतो. कागदाच्या पट्टीवर तो खालीं घसरतांना दिसला तर आंत कांहीं तरी बिघडतें आहे असें समजावें. यंत्राभोंवतीं झांकण बसवून तुषार ओढून घेणारा पंखा लावावा. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेनें १९९८ सालीं अशी शिफारस केली कीं, अशा तुषारांचें हवेंतील एकूण प्रमाण एका घनमीटरमागें अर्ध्या मिलिग्रॅमवर जाऊं देऊं नये. निगा ठेवलेलें कूलंट अधिक काळ टिकतें, आणि त्यामुळें तें टाकून देण्याचा प्रसंगही क्वचित् येतो. ज्या परिसरांतून पवना आणि इंद्रायणी वाहतात, तेथें हा लाभ लहान नव्हे.

वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं, वरील आंकड्यांत शून्य कोठेंच नाहीं. निर्जंतुक टाकी हें कोणाचेंच ध्येय नाहीं, कारण तें साधणारें नाहीं. हवा येते, पाणी येतें, माणसाचे हात लागतात. त्यांबरोबर जंतु येणारच. प्रश्न असतो तो त्यांना मर्यादेंत ठेवण्याचा. ‘नाश’ आणि ‘निगा’ या दोन शब्दांतला भेद येथें स्पष्ट होतो. नाश एकदां करून मोकळें होतां येतें, निदान तसा भास तरी होतो. म्हणून तो आपणांस प्रिय. निगा रोज करावी लागते आणि ती कधींच संपत नाहीं. औषधाच्या डब्यावर कंपनीचें नांव असतें, त्याची पावती असते, वहींत त्याचा खर्च मांडतां येतो. तवंग काढणाऱ्या माणसाचें नांव कोठें लिहिलेलें नसतें, आणि त्याचें काम यशस्वी झाल्याची खूण एवढीच, कीं कांहीं घडलें नाहीं.

गाडगेमहाराज ज्या गांवीं जात तें गांव आधीं स्वतः झाडूनें झाडून काढीत, आणि मग रात्रीं कीर्तनास उभे राहत. महाराष्ट्रानें त्यांची पूजा पुष्कळ केली. त्यांचा क्रम मात्र फारसा उचलला नाहीं. आधीं झाडू आणि मग उपदेश, हा तो क्रम. आमच्या शाळाकॉलेजांतून यंत्र चालविण्यास शिकवितात, तें रचण्यास शिकवितात, त्याची टाकी घासण्यास शिकवीत नाहींत. तें काम ज्याला दुसरें कोणतेंही देतां येत नाहीं त्याच्याकडे आपोआप जातें. आणि यंत्रशाळेंतील प्रत्येक माणसाचा श्वास त्या एकाच्या हातीं असतो. त्यानें तें काम चोख करावें अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं त्याला हातमोजे द्यावे, तें काम करण्यापुरता वेळ द्यावा, आणि महिन्याच्या पगारांत त्या कामाची किंमत दिसूं द्यावी. एवढें झालें तर औषधाचे डबे पुष्कळ कमी लागतील.